पार्किंगच्या सांध्याखालची रबरी पन्हळ: घ्यावी का, आणि घेताना काय बघावं

बहुमजली पार्किंगच्या एक्सपान्शन जॉइंटखाली, म्हणजे दोन स्लॅबच्या मधे हालचालीसाठी ठेवलेल्या फटीखाली, टांगायची ही पन्हळ काळ्या ईपीडीएम रबराची असते. रोलमध्ये येते. सोबत स्टेनलेस स्टीलच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, त्या काँक्रीटला पक्क्या करणारे अँकर, पाणी अडवणारी चिकट ब्युटाइल टेप, दोन्ही टोकांची झाकणं आणि पाणी खाली सोडायचं एक तोंड असा संच मिळतो. मी ज्या पार्किंगची देखभाल बघते तिथे वरच्या उघड्या डेकच्या, म्हणजे गाड्या लावायच्या गच्चीच्या, जॉइंटखाली ती बसवून घेतली, आणि तिच्यावरून भरपूर पाऊस वाहून गेल्यावर हे लिहिते आहे. उत्पादकाचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच रचना अनेक जण बनवतात आणि खालचं सगळं त्या प्रत्येकाला लागू पडतं.

माझं मत आधीच सांगते. रबर उत्तम आहे, कल्पना अचूक आहे, संचातलं पाणी सोडायचं तोंड फार लहान आहे. जॉइंटचं वरचं, फटीतून पाणी जाऊ न देणारं सील दुरुस्त करायची आणि डेकवरचं पाणी जॉइंटपर्यंत येऊच न द्यायची तयारी असेल, तर पन्हळ जरूर घ्या. त्या दोन कामांऐवजी ती घेणार असाल तर पैसे वाया जातील.

ती लागते तरी का, हे समजून घेतलं तर निवड सोपी होते. तापमान १ अंशाने बदललं की काँक्रीटची लांबी साधारण लाखात एक भागाने बदलते. ६० मीटर लांबीचा स्लॅब धरा आणि हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरा. १८ मिलिमीटर हालचाल झाली. वरचा डेक उघड्यावर असल्याने त्याला कसलंच छत्र नसतं. तो दिवसा फुगतो, रात्री आकसतो, आणि खालचे मजले सावलीत त्या मानाने शांत असतात. त्यात काँक्रीट सुरुवातीच्या काही वर्षांत सुकून आखडतं ते वेगळंच. एवढी हालचाल सोसणारी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीत बसवलेलं सील वर्षानुवर्षं ताणलं-दाबलं जात असताना त्याच्यावरून चाकंही जात असतात. कधी दोन तुकड्यांचा जोड सुटतो, कधी फटीच्या कडेचं काँक्रीट तुटतं, कधी वाळूचे खडे आत अडकतात आणि फट मिटताना सीलला फाडतात. कितीही चांगलं सील घ्या, ते एक ना एक दिवस पाणी सोडणार हे धरून चालावं लागतं. त्या दिवसासाठी ही पन्हळ आहे.

पाणी खाली ठिबकलं तर काय होतं? सगळ्यात आधी गाड्यांचे मालक येतात. काँक्रीटमधून झिरपून आलेल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. ते पाणी चांगलंच अल्कली असतं, ताज्या थेंबांचा पीएच १२च्या घरात असू शकतो. हवेतल्या कार्बन डायॉक्साइडशी संयोग होऊन त्याचा पांढरा, दगडी थर बनतो. गाडीच्या रंगावर वाळलेला असा थेंब साध्या पाण्याने निघत नाही, आणि जोराने घासला तर रंगच जातो. ज्यांची गाडी खराब झाली त्यांचा राग मला पूर्ण पटतो. ते गाडी सुरक्षित राहावी म्हणून छताखाली लावतात.

त्याहून मोठं नुकसान दिसायला उशीर लागतो. फटीच्या दोन्ही कडांना सळया असतात. पाणी आणि हवा आलटून पालटून मिळत राहिली की त्या गंजतात, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. आतून दाब येऊन काँक्रीटचा थर सुटतो आणि खाली पडतो. जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे गाड्यांच्या चाकांबरोबर क्लोराइड आत येतात आणि हेच सगळं झपाट्याने होतं. समुद्राकाठीही तीच कथा. आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल, म्हणजे आत ताणलेल्या तारा असतील, तर त्या तारांची टोकं जिथे अडकवलेली असतात ती जागा बहुतेक वेळा नेमकी स्लॅबच्या कडेला, एक्सपान्शन जॉइंटलाच असते. सगळ्या स्लॅबचा ताण धरून ठेवणाऱ्या भागावर गळतं पाणी जायला नको, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी या कामाचा पाठपुरावा केला असता.

आमच्याकडे या जागी आधी पत्र्याची पन्हळ होती. माझ्या आधीच्या काळात कुणीतरी जस्ताचा पत्रा वाकवून दोन्ही बाजूंच्या स्लॅबना स्क्रूने घट्ट जखडून टाकला होता. फट हलते, पत्रा हलत नाही. स्क्रूची भोकं लांबट झाली, मग एका बाजूचे स्क्रू निघून आले आणि पत्रा एका अंगाने लोंबू लागला. कडक पन्हळ लावायचीच असेल, मग ती पत्र्याची असो की पीव्हीसीची, तर ती एकाच बाजूला पक्की करावी आणि दुसऱ्या बाजूला फटीच्या पुष्कळ पुढेपर्यंत नेऊन मोकळी सोडावी. मात्र त्या मोकळ्या बाजूला पाणी स्लॅबच्या तळाला चिकटून सरकतं आणि पन्हळीच्या पलीकडे जाऊन पडतं. त्यासाठी तळाला पाणी तोडणारी एक बारीक पट्टी लावावी लागते, आणि ती लावायचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

रबरी पन्हळीचा खरा फायदा इथे आहे. ती दोन्ही बाजूंना पक्की असते आणि मधे झोळीसारखी सैल लोंबते. फट उघडली की झोळी थोडी उथळ होते, मिटली की खोल होते. ताण कुठेच येत नाही. दोन्ही कडा ब्युटाइल टेपवर दाबून बसलेल्या असल्याने तळाला चिकटून सरकणारं पाणीही आतच राहतं. आम्ही बसवल्यापासून थंडी आणि ऊन दोन्ही होऊन गेलं, रबराला कुठे चीर नाही, पट्टीखालून कड सरकलेली नाही. ओझोन, ऊन आणि पाणी या तिन्हींना ईपीडीएम छान टिकतं. तेल आणि पेट्रोलशी त्याचं जमत नाही, ते फुगतं. पार्किंगमध्ये तेलाचे थेंब पाण्याबरोबर येणारच, पण ते वाहून जातात तोवर मला काळजी वाटत नाही. पन्हळीत पाणी साचून राहिलं आणि वर तेलाचा तवंग तसाच बसला तर मात्र वाटेल. म्हणून उतार.

या संचाचं वैशिष्ट्य असं की उतार झोळीच्या खोलीतूनच काढायचा असतो. वरच्या टोकाला झोळी उथळ ठेवायची आणि पाणी सोडायच्या तोंडाकडे ती हळूहळू खोल करत न्यायची. १२ मीटर लांबीला शेकडा १ उतार धरला तर खोलीत १२० मिलिमीटरचा फरक येतो. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात रबराची रुंदी प्रत्येक ठिकाणी किती ठेवायची हे आधी जमिनीवर आखून, खडूने खुणा करून, मगच वर चढवावं लागतं. नाहीतर मधेच पोट येतं आणि पाणी तिथे थांबतं. आमच्या फिटरनी आधी दोरी बांधून पूर्ण उतार हवेतच दाखवला आणि मग रबर कापलं. बसवणाऱ्याकडून हे आवर्जून करून घ्या.

खोली म्हणजे डोक्यावरची जागा गेली, हा पुढचा प्रश्न. पार्किंगमध्ये मोकळी उंची बऱ्याच ठिकाणी २.१ मीटरच्या आसपासच असते आणि त्यातून दिवे, स्प्रिंकलर, पाट्या सगळं वजा होतं. आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या बीम फटीपासून आत आहेत आणि स्लॅबची कड पुढे आलेली आहे, त्यामुळे पन्हळ दोन बीमच्या मधल्या पोकळीत लपून गेली. ज्या इमारतीत जोडबीम अगदी फटीला लागून उभ्या आहेत तिथे रबर बीमच्या खाली न्यावं लागेल, आणि बीमचा तळ हीच तर सगळ्यात कमी उंचीची जागा. तिथे हे उत्पादन मी सुचवणार नाही. फटीच्या आतच बसणारी, वरच्या सीलखाली दुसरं पातळ आवरण असलेली रचना बघावी.

अँकरबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते. पट्टीला साधारण दर २५०–३०० मिलिमीटरवर अँकर येतो, म्हणजे एका जॉइंटखाली शेकड्याने भोकं पडतात, तीही स्लॅबच्या कडेजवळ. कडेला फार जवळ ड्रिल मारलं आणि पसरणारा अँकर ठोकला तर काँक्रीटचा कोपराच उडतो. पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये तार लागली तर तो अपघातच आहे. आधी स्कॅन करून घ्या, तारा आणि सळया खडूने मांडा, मग ड्रिल हातात घ्या. संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ आहे. एक पान असायला हवं होतं. पट्ट्या आणि अँकर स्टेनलेसचेच घ्या. जस्त चढवलेले स्वस्त पर्याय मिळतात, पण ओल्या जागी, रबराखाली दबलेल्या स्क्रूचा गंज कुणाला दिसत नाही.

आता ज्या तोंडाबद्दल मी सुरुवातीलाच नाराजी सांगितली त्याकडे येते. संचातलं तोंड ५० मिलिमीटरचं आहे. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी होतं. डेकचा ३०० चौरस मीटरचा भाग जॉइंटकडे उतरत असेल आणि तासाला ६० मिलिमीटर वेगाने सर आली, तर तासाला १८,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ५ लिटर पाणी येतं. ५० मिलिमीटरच्या तोंडातून, वर तेवढीच उंची पाणी उभं असताना, सेकंदाला जेमतेम एक-सव्वा लिटर जातं. सील पुरतं गेलेलं असेल तर पन्हळ काठोकाठ भरणार, पाण्याचं सगळं वजन त्या पट्ट्यांवर येणार आणि शेवटी ती कुठूनतरी उतू जाणार.

याचं अर्धं उत्तर मोठं तोंड हे आहे. आम्ही १०० मिलिमीटरचं लावलं. उरलेलं अर्धं उत्तर वर डेकवर आहे आणि तेच जास्त महत्त्वाचं. जॉइंट उताराच्या माथ्यावर असावा, पाणी दोन्ही बाजूंना त्याच्यापासून दूर वाहावं, हा पार्किंगच्या रचनेतला पहिला धडा. डेकला दीड ते दोन टक्के उतार लागतो. त्याहून कमी असेल तर स्लॅबच्या थोड्याशा झुकण्यानेही डबकी होतात. आमच्या डेकवर एका बाजूचा उतार सरळ जॉइंटकडे येतो आणि पाणी जाण्याची जाळी जॉइंट ओलांडून पलीकडे आहे. म्हणजे प्रत्येक सरीचं पाणी फटीवरूनच जायचं. आम्ही जॉइंटच्या अलीकडे, चढाच्या बाजूला, नव्या जाळ्या बसवून घेतल्या. त्यांच्यासाठी स्लॅबला भोकं पाडताना पुन्हा स्कॅन आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची संमती हे आलंच. त्या जाळ्या चालू झाल्यावर पन्हळीत येणारं पाणी इतकं कमी झालं की खर्चाच्या वेळी कुरकुरणारेही नंतर खूश होते. कुणी मला विचारलं की पन्हळ आणि जाळ्या यांतलं एकच परवडतं, काय करू, तर मी बिनदिक्कत जाळ्या सांगेन.

तोंडाला पाइप जोडण्याच्या पद्धतीतही खोट आहे. रबर हलतं आणि पाइप एका बाजूच्या कॉलमला क्लॅम्प केलेला असतो. संचातला जोड ताठ आहे. त्यामुळे फट उघडताना रबराच्या भोकाच्या कडेवर ओढ येते, आणि फाटायचं तर ते तिथूनच फाटणार. आमच्या प्लंबरनी मधे रबरी नळीचा तुकडा घालून दोन्हीकडे स्टेनलेसचे क्लॅम्प आवळले. अगदी साधा उपाय आहे, उत्पादकांनी तो संचातच द्यावा. पाइप वळतो तिथे साफसफाईचं झाकण असलेला टी-जोड टाका. सुकी पानं, टायरची भुकटी, वाळू आणि चुन्याचा पांढरा साका, सगळं त्याच वळणावर जमतं. चुना एकदा दगडासारखा बसला की काठीने निघत नाही, पाइपचा तुकडाच बदलावा लागतो. म्हणून ओला असतानाच पाण्याच्या जोराने काढायचा.

टोकांकडे वळायच्या आधी वरच्या सीलबद्दल दोन शब्द. दुकानदार सरळ लांबीचे नमुने दाखवतात. गळती सरळ लांबीत क्वचित असते. ती असते जॉइंट कठड्याला भिडतो तिथे, रॅम्पच्या वळणावर, दोन जॉइंट एकमेकांना मिळतात तिथे. कठड्याजवळ सील वर वळवून भिंतीवर चढवलेलं नसेल तर पाणी त्या कोपऱ्यातून शांतपणे खाली येतं. पन्हळीचंही तसंच. टोकाची झाकणं कारखान्यात उष्णतेने जोडलेली मागवा. जागेवर घडी घालून गोंदाने चिकटवलेली झाकणं आम्हाला आधी दाखवली होती, ती मी परत पाठवली. काटकोनाचे आणि टी आकाराचे तुकडेही तयारच घ्यावेत.

चाचणी झाल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका. डेकवर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना बांध घालून पाणी भरायचं, २४ तास उभं ठेवायचं आणि खाली टॉर्च घेऊन फिरायचं. आधी फक्त वरच्या सीलची चाचणी करा. मग पन्हळीत वेगळं पाणी सोडून तिची आणि पाइपची करा. दोन्ही एकदम केल्या तर गळतंय नेमकं काय ते समजत नाही. आमच्या चाचणीत एका कॉलमजवळ पट्टी तुटक लागली होती, तिथून थेंब आला. पट्टी काढून, टेप बदलून पुन्हा लावली. कोरडी झाली.

या उत्पादनाची मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच कारणाने. ते चांगलं चालतं, त्यामुळे वरची गळती कुणाला दिसेनाशी होते. पूर्वी गाडीवर थेंब पडला की तक्रार यायची आणि सील बघितलं जायचं. आता सील पूर्ण फाटलं तरी खाली सगळं कोरडं, आणि पाणी मात्र फटीच्या कडांवरून, सळयांच्या आणि तारांच्या टोकांवरून वाहत पन्हळीत येत राहतं. म्हणून आमच्या पन्हळीचा पाइप मी थेट ड्रेनेजला बंद करून जोडू दिला नाही. तो जमिनीवरच्या जाळीच्या थोडा वर मोकळा सोडला आहे. पाऊस पडल्यावर रखवालदार फेरीत तिथे बघतात आणि वहीत लिहितात: कोरडा, थेंब, की धार. धार लिहिलं की वरचं सील तपासायला माणूस जातो. पाइप बंद न करण्याचा हा निर्णय घेताना एक बघा: झाकलेल्या मजल्यावरच्या पाण्यात तेल असतं, आणि ते तेल वेगळं करणाऱ्या चेंबरमधून न्यावं की पावसाच्या पाण्याच्या वाहिनीत सोडावं हे तुमच्या इथल्या नियमांवर ठरतं. आमची जाळी तेलाच्या चेंबरला जोडलेली आहे.

तळघरातल्या पार्किंगसाठी आणखी एक सूचना. तिथे मजल्यामधल्या फटीत बहुधा आग अडवणारा थर लागतो, आणि त्यात अनेकदा खनिज लोकर असते. रबरी पन्हळ त्याची जागा घेत नाही. ती त्या थराच्या खाली टांगली तर पाणी आधी लोकर भिजवणार आणि मगच पन्हळीत येणार, म्हणजे थर कामातून गेला. पाणी अडवणारं आवरण आगीच्या थराच्या वर हवं आणि त्याचं पाणी बाजूला काढून द्यायला हवं. असं काम या संचाने होत नाही, त्यासाठी दोन्ही एकत्र तपासलेली रचनाच मागा.

आता खालच्या मजल्यांच्या जॉइंटसाठी ऑर्डर द्यायची आहे आणि मी हीच पन्हळ घेणार आहे. तिथे ऊन नाही, हालचाल कमी, पाणी फक्त गाड्यांबरोबर आलेलं. ऑर्डरमध्ये लिहून दिलं आहे: १०० मिलिमीटरचं तोंड, लवचिक जोड, कारखान्यात जोडलेली झाकणं, प्रत्येक वरच्या टोकाला पाण्याचा पाइप घालता येईल असं उघडणारं झाकण, आणि झोळीची खोली दर मीटरला किती ते दाखवणारं रेखाचित्र. उत्पादकाने झाकण सोडून सगळं मान्य केलं आहे. झाकणाशिवाय वरून धुता येणार नाही, त्यामुळे ते मिळेपर्यंत मी सही करणार नाही.